पखवाज वाजवणारा रोबो : आधी हात की आधी चेहरा?

काजूबी · शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, विषय जरा तऱ्हेवाईक आहे. पण इथे मोटरवाले आहेत, पखवाजवाले आहेत आणि नुसतेच वाद घालणारेही आहेत, म्हणून धागा इथेच काढतोय.

आमच्या गावात (वेंगुर्ला तालुका) दर वर्षी देवळात भजनी सप्ताह असतो. रात्रंदिवस वाडीवार पहारे. एकेकाळी रात्रीचा पहारा आपल्याच वाडीला मिळावा म्हणून भांडणं व्हायची. आता दोन ते चारच्या पहाऱ्याला पेटीवर एक बुवा, झांजेला दोन म्हातारे आणि पखवाज कोपऱ्यात पडून. वाजवणारी पोरं मुंबई-गोव्याला नोकरीत, गावात उरलेली डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनी सामन्यांच्या) सुपाऱ्यांवर. गेल्या खेपेला मोबाइलवरचा ठेका स्पीकरला जोडून पहारा काढला. बुवांनी अभंग आवरता घेतला तरी याचं धुमकिट आपलं चालूच. शेवटी एका आजोबांनी स्पीकरवर उपरणं टाकलं.

हे मुंबईच्या ग्रामस्थ मंडळातल्या एका दात्यांनी पाहिलं आणि मला फोन केला. "रोबो बनव. माणसासारखा दिसला पाहिजे. धोतर, कोट, काळी टोपी. खर्चाचं मी बघतो."

मी काजू फॅक्टऱ्यांची मशीनं आणि होड्यांच्या विंचा (दोर ओढायची यंत्रं) दुरुस्त करतो. मोटर, गिअर, वेल्डिंग हातातलं. संगीतात माझी मजल झांजेपर्यंत. काम अंगावर घेण्याआधी थोडं वाचलं, त्यातलं पटलं ते मांडतो.

पॅरिसमध्ये १७३८ साली वोकांसाँ नावाच्या कारागिराने विज्ञान अकादमीपुढे बासरी वाजवणारा पुतळा ठेवला. आत भाते, हलणारे ओठ, हलणारी जीभ, आणि बोटांवर कातडं. नुसतं लाकडी बोट छिद्रावर नीट बसत नाही, हवा निसटते. बासरी खरोखर फुंकली जात होती, पोटात लपवलेलं दुसरं वाद्य नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलच्या संग्रहालयात झाके-द्रो मंडळींनी १७७४ मध्ये दाखवलेली वादक बाई आजही आहे. तीही स्वतःच्या बोटांनी कळा दाबते. मग एकदम १९८४. जपानच्या वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांच्या गटाने वाबोट-२ केला, जो कॅमेऱ्याने नोटेशन वाचून हातापायांनी इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवायचा. त्याच विद्यापीठात १९९० पासून बासरीवाल्या रोबोच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या, फुप्फुसं, ओठ, जीभ सुधारत सुधारत. टोयोटाने २००७ च्या डिसेंबरात व्हायोलिन वाजवणारा रोबो आणला, उंची १५२ सेंटिमीटर, दोन्ही हात मिळून १७ सांधे.

या सगळ्यांत बारा आणे डोकं खर्च झालंय ते वाद्याला जिथे अंग लागतं तिथे. ओठ, बोटाचं टोक, गज धरणारं मनगट. चेहऱ्यावर फारसं कोणी घाम गाळलेला नाही, आणि गाळला असता तरी सूर त्याने सुधारला नसता.

आता पखवाज. उजवीकडे शाईची पुडी (मधे काळा लेप असलेलं चामडं), डावीकडे कणीक लावलेला धुमा (डावं तोंड). डाव्या हाताचा 'ग' उघडा, 'क' दाबलेला. उजव्या हाताचा 'दिं' उघड्या पंजाने शाईवर, 'ते-टे' पंजाच्या दोन बाजूंनी आळीपाळीने दाबून. गजर रंगला की मिनिटाला १२० मात्रा आणि मात्रेत चार अक्षरं धरा. सेकंदाला आठ आघात, म्हणजे दोन आघातांत १२५ मिलिसेकंद. बाजारात सहज मिळणारा एमजी-९९६ सर्व्हो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी छोटी मोटर) ६ व्होल्टवर ६० अंश फिरायला ०.१४ सेकंद घेतो. २० अंशांचा आघात धरला तर जाऊन-येऊन ९३-९४ मिलिसेकंद. कागदावर बसतं. पण हा आकडा मोकळ्या सर्व्होचा आहे, त्याला पंजाचं वजन लावलं की गणित कोलमडतं. शिवाय आपटल्यावर गिअरमुळे हात पुडीवरच बसून राहतो आणि 'दिं'चा 'धप्' होतो.

म्हणून माझं म्हणणं असं की चेहरा, धोतर, टोपी नंतर. आधी एक मनगट आणि एक पंजा नीट व्हायला हवा. दात्यांना मात्र आधी फोटो हवाय. तुम्ही काय केलं असतंत?

तिसरी_काळी · शुक्रवार, रात्री १०:३१

सर्व्होचं डोक्यावरून गेलं, पण स्पीकरवर उपरणं टाकणारे आजोबा फार आवडले. वाचतेय.

आडवाटेचो · शुक्रवार, रात्री १०:५०

आमच्या देवळात आरतीचा मशीन आसा. मोटर, पट्टो, नगारो, दोन झांजी, वर घंटा. बटन दाबला की झाला काम. लाइट गेली की देव पण गप आणि भटजी पण गप. पयली आरतेक पोरा धावत येयत, घंटा कोण वाजवतलो म्हणान मारामारी. आता मशीन वाजवता आणि भटजी एकटो उभो. तुमचो रोबो इलो की पहाऱ्याक बुवा पण येवचो नाय. लिहून ठेवा.

एन्कोडर · शुक्रवार, रात्री ११:४४

मूळ रत्नागिरीचा, सध्या पुण्यात मोटर कंट्रोलच्या कामात. पंजा आधी, याला माझं +१.

हॉबी सर्व्हो डोक्यातून काढा. त्याचा गिअर रेशो (हाताच्या एका फेऱ्याला मोटर किती वेळा फिरते तो आकडा) इतका मोठा असतो की बाहेरून ढकललं तर मोटर सहज मागे फिरत नाही, म्हणूनच हात पुडीवर बसून राहतो. तुम्हाला हवी ती मोठ्या व्यासाची चपटी बीएलडीसी (ब्रश नसलेली) मोटर आणि अगदी कमी रेशो. एमआयटीच्या मिनी चीता या चार पायांच्या रोबोत सहास एक आहे. अशी मोटर पुडीच्या धक्क्याने स्वतःहून उसळते, आणि तिच्या करंटवरून किती जोराने आपटलं तेही कळतं. तबल्या-पखवाजाचा वेग अर्धा उसळीतून येतो. प्रत्येक वेळी ताकदीने हात उचलायला गेलात तर मोटर तापेल.

सोलेनॉइड (वीज दिली की दांडा झटक्यात ओढणारी गुंडाळी) स्वस्त आहेत, चपळ आहेत. पण त्यांची स्वतःची खटखट ऐकू येते आणि सलग चालवले की गरम होतात. तुमचा तर सप्ताह.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येते. हलक्या आघाताचा हात पुडीपर्यंत सावकाश पोचतो, जोराचा पटकन पोचतो. एकाच क्षणी आज्ञा सोडली तर हलका 'ते' मागे रेंगाळेल आणि 'धा' पुढे पळेल, ठेका लंगडा वाटेल. प्रत्येक जोराला किती आधी निघायचं याचं कोष्टक मोजून भरावं लागतं. खोडाला पिझो डिस्क (धक्का टिपणारी चकती) चिकटवा, आज्ञा आणि आवाज यांतलं अंतर मोजा. एका पुडीचं कोष्टक दुसऱ्या पुडीला लागू पडणार नाही, ही तयारी ठेवा.

आणि बोटांना मोटरी लावायच्या फंदात इतक्यात पडू नका. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी थ्रीडी प्रिंटरवर केलेला हात पियानोवर वाजवून दाखवला होता. हाडं कडक, अस्थिबंध मऊ, बोटांत मोटर एकही नाही. हालवायचं ते फक्त मनगट. कुठलं बोट किती ताठ ठेवलंय यावर कळ कशी दाबली जाणार ते ठरत होतं. तुमच्या कामाला हा रस्ता मला जवळचा वाटतो.

मृदंगी_बापू · शनिवार, सकाळी ६:२०

एन्कोडर यांचं मनगटाचं म्हणणं शंभर टक्के खरं. मुलांना शिकवताना मी बोटांकडे नंतर बघतो. कोपर हलतंय का, हे आधी. कोपरातून मारणारा मुलगा पंधरा मिनिटांत दमतो.

पण काजूबी, तुम्ही वाजवण्याचाच विचार केलात. पखवाज जागेवर ठेवणं हे वाजवण्याइतकंच मोठं काम आहे. कणीक घ्या. जास्त लावली तर धुमा बसतो, कमी लावली तर टणटण करतो. रात्रभर वाजवताना ती सुकत जाते, आवाज वर चढतो. मग ओला हात फिरवायचा, नाहीतर खरवडून नवी लावायची. उजवी पुडी पेटीच्या पट्टीला मिळवलेली असते. पहाटे दव पडलं की ती उतरते. हातोडीने गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकायचे, चारी बाजूंनी सारखे, नाहीतर पुडीच्या एका घरात (कडेच्या एका भागात) सूर लागतो आणि समोरच्या घरात लागत नाही. श्रावणात तर दर दोन अभंगांनंतर बघावं लागतं. चांगला वादक बुवांची आळवणी चालू असताना, ठेका थांबलाय तेवढ्यात, हे उरकून मोकळा होतो.

शाई कशाला असते यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये लिहिलंय. नुसतं ताणलेलं चामडं वाजवलं तर त्यातले वरचे स्वर मूळ सुराशी जुळत नाहीत. मधे शाईचं वजन आलं की ते पटीत बसतात, म्हणून आपलं चर्मवाद्य सुरात लावता येतं. हात कुठे पडला आणि किती वेळ टेकला यावर त्यातले कुठले स्वर उरतात ते ठरतं. वीतभर पुडीत बोटभर इकडेतिकडे झालं की अक्षर बदललं.

तुमचा रोबो कणीक लावणार का? गठ्ठे ठोकणार का? नसेल तर शेजारी जाणता माणूस बसवावा लागेल. आणि जाणता माणूस शेजारी बसला तर तो हात बांधून कशाला बसेल?

हिशेबनीस · शनिवार, सकाळी ९:०५

बापूंनी विषय संपवला.

आता पैशाचं बोलू. चांगल्या बीएलडीसी मोटरी ड्रायव्हरसकट, दोन हातांना किमान चार, वर कंट्रोलर, प्रिंटिंग, सिलिकॉन, आणि काजूबींची मजुरी (ती ते धरणार नाहीत, पण धरली पाहिजे). त्या पैशात गावातल्या दोन पोरांना पखवाज शिकवायला मास्तर ठेवता येईल आणि सप्ताहाच्या रात्रीचं मानधनही निघेल. दात्यांना हे का सांगत नाही?

काजूबी · शनिवार, सकाळी ९:४०

सांगून झालं. उत्तर आलं, "मास्तरांवर नाव कुठे घालणार?" रोबोच्या छातीवर पाटी लावता येते ना.

बापू, तुमचा मुद्दा मनात घेऊन बसलोय. ठोकायचं काम मशीनकडून करून घेणं अवघड नाही, कुठला गठ्ठा किती ठोकायचा हे कळणं अवघड आहे. सिंथेटिक पुडी लावली तर?

मृदंगी_बापू · शनिवार, सकाळी ९:५८

लावा की. दव लागणार नाही, सूर उतरणार नाही. पण मग पखवाज कशाला, प्लास्टिकचा डबा घ्या. 🙂

गंमत सोडा. सरावाला सिंथेटिक पुडी चालेल, यंत्र घडवायला तर उत्तमच, कारण रोज सारखी वाजेल. देवळात चामडंच.

फिरस्ती · शनिवार, दुपारी १२:१५

मुळात माणसासारखा कशाला, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला दिसत नाही. संगीताची यंत्रं बनवणाऱ्या अजय कपूर यांचा महादेवीबॉट बघा. सोलेनॉइडने हलणारे बारा हात, त्यावर आपल्याकडचे ढोल-घंटा असे प्रकार. धोतर नाही, टोपी नाही. दोनच हात हवेत हे बंधन माणसाला आहे, यंत्राला नाही. पखवाजाच्या उजव्या पुडीवर चार वेगळे ठोके बसवा, एक 'ता'चा, एक 'दिं'चा, दोन 'ते-टे'चे. मनगटाची भानगडच नको.

तसं बघितलं तर इ.स. १२०६ च्या सुमाराला अल-जझारी नावाच्या कारागिराने नावेत बसवलेले यांत्रिक वादक वर्णन करून ठेवलेत. आपल्याकडे टिपू सुलतानाचा यांत्रिक वाघ आहे (म्हणजे लंडनला, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात), त्याच्या पोटात ऑर्गन आहे. आणि रॅडेल कंपनीने १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला तेव्हा त्याला तुंबा-दांडी जोडायची गरज कोणाला वाटली नाही. पेटीएवढा डबा, आणि मैफली चालतात.

एन्कोडर · शनिवार, दुपारी १:०२

फिरस्ती, चार ठोक्यांचा विचार मीही केला. अडचण अशी की ते चार ठोके एकाच वीतभर पुडीवर उतरायला हवेत. 'दिं' वाजून घुमत असताना पुढचा 'ते' त्याला दाबून थांबवतो. वेगवेगळे ठोके एकमेकांच्या वाटेत येतात, आणि टळावेत म्हणून लांब बसवले तर जागा चुकते. एकच मऊ पंजा कलता करून दोन्ही बाजू वापरणं यांत्रिकदृष्ट्याही सोपं पडतं. पखवाज पंजासाठीच घडलाय, म्हणून पंजासारखं काहीतरी लागतं. खांद्याच्या वर काय असावं याच्याशी मला देणंघेणं नाही.

सत्यवचनी · शनिवार, दुपारी २:४७

देवाच्या दारात यंत्राने भजन करायचं म्हणजे कहर आहे. पहारा म्हणजे जागरण, सेवा. रोबोला कसली आली सेवा? उद्या उपासही रोबोला करायला सांगा.

आडवाटेचो · शनिवार, दुपारी २:५५

मगे माईक कित्याक लावतास? तेका खंयची सेवा?

सत्यवचनी · शनिवार, दुपारी ३:०१

माईक भजन म्हणत नाही. माणूस म्हणतो. फरक कळत नसेल तर बोलण्यात अर्थ नाही.

व्यवस्थापक · शनिवार, दुपारी ३:३०

दोघांनाही विनंती, धागा यंत्राचा आहे. उरलेलं खरडवहीत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

रंगमाचो · शनिवार, संध्याकाळी ६:१०

दशावतारात झांज वाजवतो, म्हणून थोडं सांगतो. आमच्याकडे संवाद लिहिलेले नसतात. पायपेटीवाला आणि पखवाजवाला पात्राच्या पायाकडे आणि मानेकडे बघत असतात. राक्षस आडदशावताराला (मुख्य नाटकाआधीच्या भागात) केव्हा उडी मारेल हे कोणीच आधी सांगत नाही, पण त्याचा पाय टेकायला आणि 'धा' पडायला एकच गाठ पडते. भजनातही बुवा पेटीवरचा हात उचलतात, मान देतात, कधी नुसता श्वास घेतात, आणि पखवाजवाल्याला कळतं की आता गजर. मोबाइलचा ठेका का थांबला नाही? त्याला बुवा दिसतच नव्हते.

तर डोकं हवं की नको यावर माझं मत एन्कोडर यांच्यापेक्षा वेगळं आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठात गिल वाइनबर्ग यांचा शिमोन नावाचा रोबो आहे. मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवायला चार हात, समोरच्या वादकाचं ऐकून स्वतः पुढचं रचतो. त्याला डोकं आहे, पण माणसाचा चेहरा नाही. ते ठेक्यावर डुलतं, कोणाकडे वळलंय ते सोबतच्या वादकांना दिसतं. बुवांना रोबो बघता आला पाहिजे आणि रोबोला बुवा. त्यापुरतं डोकं ठेवा. मिश्या नकोत.

तिसरी_काळी · शनिवार, रात्री ८:४०

मिश्या नकोत याला जोरदार अनुमोदन. माणसासारखं दिसणारं पण माणूस नसलेलं काहीतरी समोर आलं की अंगावर काटा येतो, यावर मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय. रात्री दोन वाजता अर्धवट उजेडात धोतर-टोपीतला पुतळा मान वळवून बघतोय, या कल्पनेनेच मी पहाऱ्याला येणार नाही.

गावनवरी · रविवार, सकाळी ८:१५

काजूबी, वेंगुर्ल्याहून पिंगुळी (कुडाळजवळचं गाव) काही फार लांब नाही! तिथल्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या एकदा जवळून बघून या. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांचं घरचं संग्रहालयही आहे. बाहुलीच्या हातात यंत्र काहीच नसतं, वजन आणि दोरा. हात हलका म्हणून झटकन फिरतो. तुम्ही मोटरी मनगटात भरायचं म्हणताय, तेवढं वजन दर आघाताला उचलायचं कशाला? मोटरी मागे ठेवा, दोऱ्याने ओढा.

एन्कोडर · रविवार, सकाळी १०:३०

गावनवरी, अगदी मोक्याचं बोललात. शॅडो नावाच्या कंपनीचा रोबोहात असाच आहे, मोटरी कोपराच्या खाली आणि बोटांपर्यंत दोरे.

दोरा कुठला, हे मात्र जपून. मासे पकडायचा साधा तंगूस ताणतो, आघात दर वेळी वेगळा पडेल. ब्रेडेड (विणलेली) लाइन घ्या, डायनीमाची (न ताणणारा मजबूत धागा). गरीवाल्यांच्या दुकानात मिळते. तीही सतत ताणात ठेवली की हळूहळू लांबते, म्हणून ताण घट्ट करायला स्क्रू ठेवा आणि रात्री सैल करून ठेवा. गाठी मारू नका, गाठीपाशी तुटते. फेरूल (दोऱ्यावर बसवायची धातूची नळी) दाबा.

पोस्टग्रॅड · रविवार, सकाळी ११:१२

एवढं मोजमाप कशाला? एआयला शिकवा की. २०२३ मध्ये रोबोपियानिस्ट म्हणून प्रकल्प आला होता, दोन रोबोहात चुकत चुकत पियानो शिकले.

एन्कोडर · रविवार, सकाळी ११:२०

ते शिकले संगणकातल्या आभासी पियानोवर. पियानोची कळ दाबली की नाही एवढं संगणकाला ठरवता येतं. कणीक सुकत चाललेला धुमा संगणकात कसा बसवणार? खऱ्या पखवाजावर हजारो वेळा चुकायला लावलं तर पुडी आठवडाभरात फाटेल. कोष्टक मोजणं स्वस्त.

बंदरावरचा · रविवार, दुपारी ४:४५

मालवणात ट्रॉलरवरच्या वायरिंगची कामं करतो. सगळे संगीतावर बोलतायत, खाऱ्या हवेचं कोणी नाव काढेना.

पुण्याच्या टेबलावर चाललेलं इथे एक पावसाळा काढत नाही. एका कंपनीचे मोटर ड्रायव्हर आणले होते (नाव सोडा), दोन महिन्यांत कनेक्टरला हिरवा थर, मग मोटर झटके द्यायला लागली. बोर्डांवर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) मारा, पण कनेक्टर झाकून, नाहीतर तेच बंद पडतील. शक्य तिथे कनेक्टर काढून वायर सोल्डर करा. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे, ३०४ चे चहाच्या रंगाचे होतात. पंजाची हाडं पीएलएची (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) छापू नका. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवलेली वस्तू तिथवर जाते. पीईटीजी घ्या, ते जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक.

सिलिकॉनचा पंजा ओतणार असाल तर प्लॅटिनमवालं मऊ सिलिकॉन चांगलं, पण त्याला गंधकाचं वावडं. रबराचे लॅटेक्स हातमोजे घालून ढवळलंत किंवा गंधक असलेल्या मातीत साचा केलात तर ते चिकटच राहतं, जमत नाही. आमच्या एका पोराने असा अख्खा डबा घालवला.

आणि लाइट. सप्ताहात माईक, रोषणाई, सगळं एकाच फेजवर. व्होल्टेज खाली गेलं की पहिला मार तुमच्या पॉवर सप्लायला. सरळ बॅटरीवर चालवा, लाइटीने फक्त चार्ज करा. म्हणजे भटजी गप झाले तरी पखवाज चालू.

हिशेबनीस · रविवार, संध्याकाळी ५:३०

माझ्या खर्चात बॅटरी धरली नव्हती. वाढवा.

काजूबी · रविवार, रात्री ९:५५

सगळं वहीत उतरवून घेतलं. दुपारी दात्यांशी पुन्हा बोललो. रंगमाचो आणि तिसरी_काळी यांचे प्रतिसाद त्यांना वाचून दाखवले. "रात्री लोक घाबरतील" हे त्यांना बाकी सगळ्या गणितापेक्षा लवकर पटलं. धोतर-टोपी रद्द. पाटी राहील, ती बैठकीवर.

आता ठरलेलं असं. फक्त उजवा हात करणार. मनगटाला दोन मोटरी मागे ठेवून दोऱ्याने, बोटांना मोटर नाही, पंजा पीईटीजीच्या हाडांवर मऊ सिलिकॉनचा. डावी बाजू माणूस वाजवेल. हे बापूंच्या प्रश्नावरून सुचलं. कणीक आणि धुमा माणसाकडे, गठ्ठेही माणसाकडे, त्याला नुसता 'ग' आणि 'क' धरता आला तरी पुरे. आमच्या वाडीत एवढं येणारे चारपाच म्हातारे आहेत. उजवा हात भरभर चालत नाही म्हणून ते पखवाजाला हात लावत नाहीत. डोकं म्हणाल तर बैठकीवर एक कॅमेरा आणि ठेक्यावर मागेपुढे होणारी पितळी पट्टी, बुवांना दिसेल अशी. बुवांनी हात उचलला की ठेका आवरायचा, हे पहिलं शिकवणार.

सत्यवचनी, तुम्हाला हे तरी चालेल का?

सत्यवचनी · रविवार, रात्री १०:२०

माणूस बसणार असेल तर माझा आक्षेप निम्मा झाला. उरलेला निम्मा ऐकून सांगेन.

मृदंगी_बापू · सोमवार, सकाळी ६:०५

डावा माणसाचा, उजवा यंत्राचा. असं कधी ऐकलं नव्हतं. एक अडचण सांगतो. 'धा' दोन्ही हातांचा मिळून एक आहे. डावा जरा मागेपुढे झाला की 'धा' फुटतो आणि 'ग-ता' ऐकू येतो. माणूस यंत्राच्या मागे धावणार की यंत्र माणसासाठी थांबणार?

एन्कोडर · सोमवार, सकाळी ८:५०

यंत्राने थांबायला हवं. पण डावा पडल्याचं कळल्यावर उजवा निघाला तर उशीरच. म्हणून मागच्या चार-सहा मात्रांवरून पुढची कधी येईल याचा अंदाज बांधून आधीच निघायचं. धुम्याच्या बाजूला दुसरी पिझो लावा. म्हातारे हळूहळू लय वाढवतात, तेवढं पकडता येईल. मधेच एकदम दुगुन (दुप्पट लय) धरली तर पहिली मात्रा जाईल.

रंगमाचो · सोमवार, सकाळी ९:१५

ती माणसाचीही जाते.

काजूबी · सोमवार, रात्री ९:३०

मोटरींची ऑर्डर टाकली. एक मदत हवी. मोजमापासाठी जुना पखवाज पाहिजे, चांगल्या वाद्यावर यंत्राचा पहिला हात पडायला नको. कुडाळ, सावंतवाडी, मालवण, कुठेही असला तरी येऊन घेऊन जाईन.

बंदरावरचा · सोमवार, रात्री १०:०२

माझ्या काकांचा माळ्यावर आहे. खोड शाबूत, वाद्या कुरतडलेल्या, शाई निम्मी उडालेली. चालेल?

मृदंगी_बापू · मंगळवार, सकाळी ६:१०

शाई उडालेली पुडी घेऊ नका काजूबी, कोष्टक सगळं खोटं येईल. खोड आणा, पुडी आणि वाद्या माझ्याकडून भरून घ्या. गुरुवारी घरी आहे. येताना गव्हाची कणीक आणा, मैदा नको.